पट्टा मनगटातून फिरत नाही

नारायण पेठ, पुणे
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय बाळ्या,

तू हातानं काढलेल्या ॲनिमेशन मालिकेचा पेन ड्राइव्ह आणि चिवडा, दोन्ही पोचले. चिवडा दोन दिवसांत संपला, पेन ड्राइव्हला आठवडा लागला. "फोनवर 'भारी झालंय रे' म्हणून सुटशील, लिहून पाठव," असं तू बजावलंस म्हणून हा खटाटोप. प्रेसमधले वाया गेलेले ताव घेऊन बसलोय. पाठीमागे कुणाच्या तरी मुंजीची पत्रिका आहे, तिकडे लक्ष देऊ नकोस.

आधी हिशेब. सहा भाग मिळून साधारण पंचवीस मिनिटं. सेकंदाला १२ चित्रं धरली तर मिनिटाला ७२०, एकूण १८,०००च्या आसपास. बँकेतून घरी, जेवण, मग रात्री अकरा ते दोन, अशी तीन वर्षं. याबद्दल एकदाच टोपी काढतो आणि पुन्हा हा विषय काढत नाही. बघणारा तुझ्या रात्री मोजायला बसलेला नसतो. आणि तू मला मित्र म्हणून नाही, पेठेतला माणूस म्हणून विचारलंयस, हे मी पक्कं लक्षात ठेवलंय.

पहिला भाग मी तीनदा पाहिला. तिन्ही वेळा एकाच ठिकाणी अडकलो, तुझ्या नायिकेच्या, रखमाच्या मनगटापाशी. अरे, दांडपट्टा आहे तो, तलवार नाही! तलवारीची मूठ हातात असते, म्हणून मनगट वळवून वार फिरवता येतो. पट्ट्यात हातच आत जातो. आडवी मूठ पकडायची, वरून लोखंडी खोबळा, थेट कोपराच्या दिशेनं. मनगट जखडलेलं. त्यामुळे वार खांद्यातून आणि कमरेतून येतो, आणि म्हणूनच पट्टा खेळणारा सगळा अंगानं फिरतो. मी तालमीत जेमतेम दोन वर्षं होतो, लिंबू कापायचा नंबर यायच्या आधीच दहावीचं वर्ष आलं. पण वस्तादांनी पहिले तीन महिने पट्टा हातात दिलाच नव्हता. नुसते पाय. पवित्रा घ्या, फिरा, परत पवित्रा. कारण ते लवचीक पातं एकदा फिरायला लागलं की थांबवणं अवघड असतं, आणि मध्येच थांबलात तर ते तुमच्याच पोटरीला विचारायला येतं. तुझी रखमा एका जागी उभी राहून हात गरगरा फिरवते. ताक घुसळतेय असं वाटतं.

दुसरी गोष्ट त्या वाड्याची. दोन चौकी वाडा, सुरूदार खांब, कडीपाट, सगळं तू डोळे मिटून काढलंयस हे कळतं. मग मोठ्या दरवाजातल्या त्या छोट्या दिंडी दरवाजातून तो सहा फुटी गुंड ताठ मानेनं आत कसा येतो? दिंडी ठेवतातच मुळी वाकून आत यावं म्हणून. पहिलं डोकं आत येतं, मागून बाकीचा माणूस. तेवढा एक क्षण त्याची मान उघडी असते. वाडा बांधणाऱ्यानं तुला आयती मारामारी रचून दिली होती आणि तू ती चुन्याच्या भिंतीसारखी नुसती रंगवून सोडलीस. रंगाचंही सांगतो, मी प्रेसवाला आहे. रेषा आणि रंग जागोजागी एकमेकांना सोडून पळतात. आमच्याकडे याला रजिस्टर हललं म्हणतात आणि गिऱ्हाईक पैसे कापतं.

दुसऱ्या भागातल्या पाठलागाला भाच्यानं टाळ्या वाजवल्या. तो अकरा वर्षांचा आहे आणि कोथरूडला राहतो, त्यामुळे त्याचं मत धरू नकोस. बेलबाग चौकातून निघालेली रखमा चार सेकंदांत अलका चौकात? मानाच्या गणपतींना विचार तेवढ्या लक्ष्मी रस्त्याला किती तास लागतात. विनोद सोड, पण पळणाऱ्या माणसासाठी ते अंतर म्हणजे सोनं आहे. साड्यांची दुकानं, फुटपाथवर मांडलेले हातरुमाल, आडवी आलेली रिक्षा, मध्येच थांबून पर्समध्ये सुट्टे शोधणाऱ्या काकू. तू मागचा देखावा एकच काढून तीनदा सरकवलास. वेळ वाचवलास हे समजतं, पण तेच साडीचं दुकान तिसऱ्यांदा आलं तेव्हा भाचासुद्धा म्हणाला, "मामा, हे मगाशी येऊन गेलं."

मात्र रखमा म्हणजे डबे पोचवणारी मुलगी, हातात चार पुडाचा डबा, आणि तिला मारामारी करायचीय पण आमटी सांडायची नाहीये, ही कल्पना मला फार आवडली. दोन वेळा ती वार चुकवते आणि डबा सरळ राहतो. त्या दोन ठिकाणी तू काहीतरी पकडलं होतंस. मग सोडलंस.

तिसऱ्यावर जास्त कागद घालवत नाही. शनिवारवाडा, पौर्णिमा, भिंतीतून हाका. बाळ्या, १७७३ पासून त्या बिचाऱ्या नारायणरावाला पुण्यातल्या प्रत्येक हौशी माणसानं राबवून घेतलंय. तू तरी सोडायचंस त्याला. भागात चांगलं म्हणजे फक्त ते मिनिटभर, जिथे हात दुखायला लागला म्हणून (तूच सांगितलंस) चित्रं काढायची सोडून खरी डब्याची झाकणं टेबलावर एकेक कणानं सरकवून फोटो काढलेस, आणि झाकणं आपोआप चालायला लागली. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली हेच आगकाड्यांचं केलं होतं, 'आगकाड्यांची मौज' म्हणून. त्यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा, आणि तू नाशिकात बसून शंभराहून जास्त वर्षांनी झाकणं सरकवतोयस. पाण्याचा गुण असावा.

आता चौथा.

हा मी पहिल्यांदा एकट्यानं पाहिला, दुकान बंद केल्यावर. नदीपात्रातला तो बुटका भिडे पूल, संध्याकाळ, खडकवासला धरणातून पाणी सोडलेलं. एकही संवाद नाही. रखमा एका टोकाला, लाकूडचोरांचा तो जाडा माणूस दुसऱ्या टोकाला, आणि मधून नदी चढतेय. बाहेरगावच्या माणसाला वाटतं पूर म्हणजे धो धो लोंढा. इथे तसं होत नाही हे तुला-मला माहीत आहे. पाणी आधी पुलाच्या कडेला नुसतं येऊन बसतं. मग एक पातळ थर रस्त्यावर सरकतो, चहा सांडल्यासारखा. त्यावर जलपर्णीचा एक पुंजका फिरत येतो. तू ते सगळं काढलंयस. पुंजक्यावर चप्पल अडकलेली होती, तीसुद्धा.

आणि इथे तुझी मारामारी पहिल्यांदा मारामारी झाली. पाणी घोट्यापर्यंत आलं तशी रखमा पाय उचलून टाकेना, घासत सरकवायला लागली. गुडघ्यापर्यंत आलं तेव्हा तिला हात फिरवायला आधी कंबर वळवावी लागली. म्हणजे पट्टा आपोआप बरोबर चालायला लागला! वस्तादांनी तीन महिन्यांत मला जे शिकवलं ते तुला नदीनं एका भागात शिकवलं. फोनवर तू कबूल केलंस की इथे थकून चित्रं कमी केलीस, बाराच्या जागी सेकंदाला आठच. तुला त्याची लाज वाटत होती. मी म्हणतो, तीच आठ ठेव. प्रत्येक हालचाल चिखलातून उपटून काढल्यासारखी दिसते. पहिल्या भागात बारा चित्रांत जे वजन नव्हतं ते इथे आठांत आलं, कारण इथे पायाखाली काहीतरी होतं.

त्या भागात एक वार आहे, साधारण अडीच मिनिटांनी. ती वार करायच्या आधी पट्टा मागे नेते आणि पातं पाण्यात बुडतं. आपण बघणारे थांबतो, तोही थांबतो. पातं पाण्यातून वर येताना पाण्याची एक रेघ हवेत राहते, आणि वार लागलेला तू दाखवतच नाहीस, नुसता त्याचा कंदील विझतो. मी खुर्चीतून उठलो, एवढंच लिहितो.

आणि ती भिंत. शेवटच्या क्षणी रखमा काठावर येते तिथे जुन्या भिंतीवर, तिच्या डोक्याच्या बऱ्याच वर, एक फिकट आडवी रेघ आहे. कुणी तिच्याकडे बघत नाही, तू ती जवळूनही दाखवत नाहीस. भाच्याला ती दिसलीच नाही. मला दिसली. तुमच्या वाड्याच्या जिन्याजवळची रेघ ना ती? आजी बोट लावून दाखवायच्या, "इथवर आलं होतं पाणी." १२ जुलै १९६१. पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला. आजींनी आधी मीठ वर नेलं की देव, यावर त्यांची आणि तुझ्या आत्याची दरवेळी हुज्जत व्हायची. आपण दहा-बारा वर्षांचे, उड्या मारून रेघेला हात लावायचा प्रयत्न करायचो. तुझा हात माझ्याआधी पोचला होता, हे मी अजून मान्य केलेलं नाही.

काल मुद्दाम चालत तिकडे जाऊन आलो. तुमच्या जागी आता सात मजले आहेत, खाली मोबाइलच्या कव्हरांचं दुकान. जिना कुठे होता याचा अंदाजसुद्धा येत नाही. खांबांचं काय झालं ते कुणाला विचारणार? तेव्हा ते कुणीसं आलं आणि टेंपोत घालून घेऊन गेलं, एवढंच माझ्याही लक्षात आहे. तुझ्या मालिकेतले चोर वाड्यांचं सागवान का चोरतात हे मला इथे येऊन कळलं. पहिल्या भागात त्याचं कारण सांगणारा जो दीड मिनिटाचा संवाद घातलायस, तो काढून टाक. रेघ पुरेशी आहे.

पाचवा भाग बरा आहे, आणि त्यात तू दिंडीचं ऋण फेडलंस. या वेळी गुंड वाकून आत येतो, रखमा दरवाजाच्या बाजूला भिंतीला टेकून उभी, आणि ती वार करत नाही. वरची कडी लावून घेते. तो अर्धा आत, अर्धा बाहेर. मी एकटाच मोठ्यानं हसलो. पट्ट्याचा आवाज स्टीलच्या मेजपट्टीचा आहे हे तू सांगितलं नसतंस तर कळलं नसतं. आता मात्र प्रत्येक वेळी सुतारच डोळ्यांसमोर येतो.

खटकलं ते बोलणं. तुझा कंत्राटदार म्हणतो, "मी तुला सोडणार नाही, मूर्ख मुली!" असं पेठेत कोण बोलतं रे? आपल्याकडचा खरा वाईट माणूस अहो-जाहो करतो. "ताई, आपण शिकलेल्या दिसता, समजून घ्या ना जरा," असं म्हणतो आणि मग वीज तोडतो. माझ्याकडे मशीनच्या जागेसाठी असे एक गृहस्थ दोन वर्षं येत होते, दर वेळी पेढे घेऊन. त्या पेढ्यांना मी अजून घाबरतो. कंत्राटदाराच्या हातात पिस्तूल काढलंयस तिथे पेढ्यांचा पुडा काढून बघ.

सहावा. हे लिहायला मी तीन दिवस टाळाटाळ केली. मला आवडला नाही. रखमाचे डोळे चमकायला लागतात, पट्ट्यातून निळी वीज निघते, ती उडते, मेट्रोचा पूल कोसळतो, आग, मग आणखी आग. अरे, उडता येत होतं तर भिडे पुलावर गुडघाभर पाण्यात कशाला तडफडली? चौथ्या भागात तू जे कमावलंस ते इथे एका मिनिटात उधळलंस. जपानी मालिका बघत आपण वाढलो, त्यांचं शेवटी सगळं उजळतं म्हणून आपलंही उजळायला हवं, असं काही नाही. शिवाय स्फोट काढणं तुला येत नाही. धूर फुलकोबीसारखा दिसतो.

यात एकच जागा तुझी आहे. संभाजी उद्यान स्टेशनच्या छतावर दोघं चढतात. ते छप्पर पगडीसारखं केलंय हे तू नाशिकात बसून फोटोवरून काढलंस, आणि पगडीच्या उतारावरून तो जाडा माणूस घसरतो, पकडायला काही नाही, पुन्हा चढतो, पुन्हा घसरतो. पुण्याच्या पगडीवर पाय ठेवणाऱ्याचं असंच व्हायचं! हीच मारामारी असू दे. वीज-बीज काही नको. त्याला घसरू दे, ती वर बसून डबा उघडू दे.

सातवा करू का, असं तू विचारलंस. कर, पण आधी सहावा पुन्हा कर. आणि त्याच्याही आधी इकडे ये. अकरा वर्षांत तू मुक्कामाला आला नाहीस. लग्नं, बारशी, संध्याकाळची परतीची गाडी. तुझ्या चित्रांत जे आठवणीतून आलंय ते खणखणीत आहे आणि जे फोटोवरून आलंय ते बहुतेक पोकळ आहे. खडकवासल्यातून पाणी सोडायची बातमी आली की फोन करतो, मिळेल ती एसटी पकड. पूल तोवर बंद झालेला असेल, पोलीस कठडे लावून उभे असतील, पण नारायण पेठेच्या बाजूनं काठावर उभं राहायला कुणी हटकत नाही. वही आण. तालमीतले वस्ताद आता थकलेत, पण माझ्याकडून पाय करून घेतले तसे तुझ्याकडूनही घेतील, नुसते बसून ओरडतील. अंगदुखीचं मलम मी आणून ठेवतो.

वहिनींना नमस्कार सांग. कंत्राटदाराच्या कारकुनाचा आवाज त्यांचा आहे हे मी ओळखलं, त्यांच्याइतकं शांतपणे "साहेब जेवायला गेलेत" कुणीच म्हणू शकत नाही.

तुझा,
पक्या

ता. क. दुसऱ्या भागात रखमाचा डबा चार पुडांचा आहे आणि पाचव्यात तीन पुडांचा. चौथा पूड नदीत गेला असेल तर तसं दाखव.