नवरात्रीच्या रंगांचा तक्ता छापण्याआधी एक विनंती

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. पितृपक्ष चालू आहे आणि आता थोड्याच दिवसांत तुमच्या पेपरात नवरात्रीच्या नऊ रंगांचा तक्ता येईल, म्हणून मुद्दाम आधीच लिहितेय. तक्ता बंद करा असं मी अजिबात म्हणत नाहीये, मला तो आवडतो. पुण्यात सकाळच्या पीएमपीत अर्धी बस एकाच रंगाची दिसते, एरवी सीटवरून वाद घालणाऱ्या बायका एकमेकींच्या साडीचा पोत हातात घेऊन बघतात, हे वर्षातून नऊ दिवस तरी होतं ना. माझं म्हणणं फक्त त्या नऊ रंगांसाठी नऊ नवीन कपडे घ्यायची जी पद्धत पडत चाललीये त्याबद्दल आहे.

आमच्याकडे पक्षपंधरवड्यात घरात नवं कापड आणायचं नाही, हा नियम आईने अजून पाळलाय. तीन वर्षांपूर्वी ऑफिसात घटस्थापनेलाच सगळ्यांनी साडी नेसायची असं ठरलं आणि माझ्याकडे धड साडी नव्हती, आदल्या दिवशी सर्वपित्री, मग घ्यायची कधी? मी म्हटलं नवी नाही ना चालत, जुनी तर चालेल. आणि रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात गेले. तिथे एका मावशींकडे चादरीवर कपड्यांचा ढीग होता, त्यात खालून एक काठ दिसला, ओढून काढली तर इरकल, साडेतीनशे रुपयांना.

घरी आल्यावर आई नाराजच झाली. कोणाची असेल, ती बाई आहे की गेली, काही माहीत नाही आणि तू अंगावर घालणार, असं तिचं म्हणणं. मी काहीच बोलले नाही, पदर उलटा करून तिच्यासमोर धरला. इरकलीचं अंग आणि पदर यांचे ताणे वेगळे असतात, अंगाचा बहुतेक वेळा सुती आणि पदराचा रेशमी, आणि ते मागावरच फासात फास अडकवून जोडतात, त्याला टोप-टेनी म्हणतात. बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलचे विणकर हे करत आलेत, म्हणूनच आपण इरकल म्हणतो. मागच्या बाजूने त्या जोडावर बोट फिरवलं की बारीक बारीक गाठींची ओळ हाताला लागते. आईने चष्मा लावून ती ओळ पाहिली, मग निऱ्यांच्या जागी तिला एक रफू सापडलं, नखाएवढंच, निळ्यावर जरा वेगळ्या निळ्या दोऱ्याचं, आडवे-उभे टाके इतके जवळजवळ की जाळीच विणलीये. ती बराच वेळ ते बघत होती, म्हणाली कोणीतरी जीव लावून नेसलीये ही. मग तिनेच रिठे भिजत घातले.

त्यानंतर मला नादच लागला. बाबांचे टेरिकॉटचे मोठ्या कॉलरचे शर्ट काढले, आत्याचं खणाचं ब्लाऊज उसवून मोठं करून घेतलं, दोन सुती साड्या एका बोहारणीकडून पैसे देऊन घेतल्या, तिला आधी कळेचना की मी भांडं घ्यायचं सोडून कपडे का मागतेय. आता वर्षभरात नवीन म्हणून अगदी थोडंच घेते. एका सुती टीशर्टमागे साधारण २,७०० लिटर पाणी लागतं हा आकडा आपण सगळेच वाचत असतो, पण खरं सांगायचं तर मी पाण्याचा विचार करून नाही सुरुवात केली, मला ते कापडच आवडलं.

आणि ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते पुढेच आहे.

मी ऑफिसच्या आधी वेताळ टेकडीवर जाते, बरीच वर्षं जातेय, पण ट्रॅक पँट आणि इअरफोन लावून, पाऊण तासात वर आणि खाली, बास. त्या घटस्थापनेला मात्र ती इरकल नेसूनच वर गेले, वेताळबाबाच्या देवळात नमस्कार करायचा होता. जुनं कापड तुम्हाला जपून चालायला लावतं. झुडपाला पदर अडकला की फाटेल, म्हणून मी पहिल्यांदा झुडपं बघितली. एका ठिकाणी पदर सावरायला थांबले तर तोंडापासून हातभर अंतरावर कोळ्याचं जाळं, मधोमध कोळी, पाय दोन-दोन जोडून फुलीसारखे ताणलेले आणि त्याच्या पायांच्या रेषेतच जाळ्यात पांढरी नागमोडी शिवण. सिग्नेचर स्पायडर म्हणतात त्याला हे नंतर कळलं. इतकी वर्षं मी त्याच वाटेने जात होते आणि तो दरवर्षी पाऊस ओसरताना तिथे असणारच.

तेव्हापासून भाद्रपद संपत आला की मी हळू चालते. पावसाळ्यातला हिरवा रंग आता उतरतोय, गवताच्या शेंड्यांना तांबूस छटा आलीये. कुर्डू ठिकठिकाणी फुललाय, टोकाला गुलाबी आणि खाली पांढरा होत जाणारा, जणू कोणी वरूनच रंगात बुडवून काढलाय. संध्याकाळी मोकळ्या मैदानावर चतुरांचे थवेच्या थवे असतात, यातल्या काही जातीचे चतुर पुढे समुद्र ओलांडून पार आफ्रिकेपर्यंत जातात. धोबी पक्षी उत्तरेकडून आलाय, शेपटी वरखाली करत डबक्याच्या कडेने फिरतो. आणि अजून काही दिवसांनी रात्री रस्त्यावर सप्तपर्णीचा वास सुटेल, काहींचं डोकं दुखतं त्याने, मला मात्र तो आला की दिवाळी जवळ आल्यासारखं वाटतं.

त्या घटस्थापनेला टेकडीवरून घरी येऊन साडी सोडली तर काठाला सगळीकडे कुसळं. आधी जीव खालीवर झाला, मग एकेक काढायला बसले. कुसळी गवताचं बी टोकाला सुईसारखं असतं आणि मागे लांब पीळ घातलेली शेपटी, ती ओली झाली की पीळ उलगडतो, वाळली की परत पडतो, आणि असं फिरत फिरत ते बी स्वतःच जमिनीत शिरतं. मी एक कुसळ ओल्या बोटावर ठेवलं, ते खरंच हळूहळू फिरलं, आई पण बघत होती. ती म्हणाली, आम्ही लहानपणी हे खेळायचो, विसरूनच गेले होते मी.

तर संपादक महोदय, विनंती अशी की तक्ता छापताना त्यासोबत दोन ओळींची जागा ठेवा. एक ओळ, की हा रंग आधी घरात शोधा, आईच्या, सासूच्या, मावशीच्या कपाटात, शेजारणीकडे मागा, जुन्या बाजारात बघा. रंग तर बहुतेक वारावरूनच ठरतात, सोमवारी पांढरा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा वगैरे, म्हणजे तेच रंग फिरून फिरून येतात, तरी दरवर्षी नवं घेतलं जातं, त्यातलं पुष्कळसं स्वस्तातलं पॉलिस्टर असतं आणि दसऱ्यानंतर परत अंगाला लागत नाही. आणि दुसरी ओळ, की हा रंग आत्ता बाहेर कुठे दिसेल. पिवळ्याला सिंहगडाची सोनकी आहे. शनिवारच्या करड्याला बायका नाकं मुरडतात, पण टेकडीवर राखी वटवट्या शेपूट उभी करून ओरडतो तेव्हा करडा रंग किती देखणा असतो ते बघा एकदा. केशरीला प्राजक्ताचे देठ, त्या देठांनी पूर्वी कापड रंगवायचे, म्हणजे कपाट आणि अंगण हे दोन्ही एकाच फुलात आलं की नाही. तुमचे वाचक गावोगावचे आहेत, कोकणातल्या बाईला वेगळं दिसेल, विदर्भातलीला वेगळं, त्यांच्याकडूनच मागवा, साडीच्या फोटोंसोबत तेही छापा.

माझ्याकडे यंदा केशरी काहीच नाहीये. शेजारच्या काकूंना हे सहज बोलले तर त्यांनी ट्रंकेतून त्यांच्या आईची नारायणपेठ काढली, घडीवर चिरत चाललीये म्हणून आता आम्ही दोघी मिळून त्या घडीला मागून अस्तर लावतोय. जुनं रेशीम उन्हात टाकायचं नाही, म्हणून आत्ता ती त्यांच्या गॅलरीत सावलीला पसरलीये, वारा दाखवायला.

आपली,
एक नियमित वाचक,
कोथरूड, पुणे