रुग्णाचं वजन अंदाजाने नको

महोदय,
पायाच्या शिरेतली रक्ताची गुठळी फुफ्फुसात गेली तर जीवावर बेतू शकतं. ती वाढू न देणाऱ्या, रक्त पातळ करणाऱ्या इनॉक्सापॅरिन इंजेक्शनचा उपचाराचा नेहमीचा डोस किलोमागे 1 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. म्हणजे 60 किलो आणि 130 किलोच्या रुग्णाला एकच सिरिंज चालत नाही. तरी कोल्हापुरात नातेवाइकांना ‘वजन किती असेल?’ विचारून केसपेपरवर आकडा लिहिलेला मी पाहिला आहे. अंथरुणाला खिळलेल्या लठ्ठ रुग्णाचं वजन घेणं अवघड आहे, मान्य. पण शाहू मार्केट यार्डात गुळाचा रवासुद्धा काट्यावर चढतो! डोस कमी पडला तर गुठळी वाढते, जास्त झाला तर रक्तस्राव होतो.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं गणित निराळं. 120 किलोंपुढच्यांना नव्या गोळ्या टाळा, असं 2016 मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांचं मत होतं. 2021 मध्ये त्यांनीच यातल्या रिवारोक्सबॅन व अपिक्सबॅन या गोळ्या नेहमीच्या डोसमध्ये चालतील असं सांगितलं. तेव्हा वजन जास्त म्हणून कुणी गोळी परस्पर वाढवू नये. शहरातल्या प्रत्येक मोठ्या रुग्णालयात व्हीलचेअरसकट वजन घेणारा काटा बसवावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर