मीटरवरचा लाल दिवा मोज

सांगली,
८ मार्च

प्रिय श्रीकांत,

सप्रेम नमस्कार. बिलाचा फोटो पोचला. ३४२ युनिट. घरात एसी नाही, पाण्याची मोटर सोसायटीची, मग एवढी वीज जाते कुठे, हे तुझं म्हणणं रास्त आहे. महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. तुझे पहिले १०० स्वस्त, पुढचे २०० महाग आणि शेवटचे ४२ त्याहून महाग. वीज कुठेही वाचव, कमी होतात ती याच वरच्या टोकाची युनिटं. तेव्हा आधी हे ४२ पकडू.

काकूंच्या मिक्सरवर आणि चार्जरवर राग काढू नकोस. ५०० वॅटचा मिक्सर रोज पाच मिनिटं चालला तर महिन्याला सव्वा युनिट होतं. फोन न लावलेला चार्जर महिनाभर खोचून ठेवला तरी अर्धं युनिटही खात नाही. वॅटला तासांनी गुणायचं, हजाराने भागायचं, की युनिट. आपण वॅट बघून घाबरतो आणि तास मोजायला विसरतो, म्हणून चोवीस तास चालणाऱ्या लहान वस्तू कुणाच्या डोळ्यांवर येत नाहीत.

त्या शोधायला नवं उपकरण नको, मीटर पुरे. त्यावर एक लाल दिवा लुकलुकतो. एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो हे मीटरवरच छापलेलं असतं, बहुधा ३२०० किंवा १६००. रात्री दिवे-पंखे बंद कर, फ्रिजची पिन दहा मिनिटं काढ आणि मोबाइलवर वेळ लाव. एक लुकलुक शून्य धरून पुढच्या दहा मोज. ३२०० चं मीटर असेल तर ११,२५० ला लागलेल्या सेकंदांनी भाग, १६०० चं असेल तर २२,५०० ला. उत्तर वॅटमध्ये येतं. समज, दहा लुकलुकींना १५० सेकंद लागले, तर ७५ वॅट. घरात सगळे झोपलेले असताना महिन्याला ५४ युनिटं नुसती झिरपताहेत असा त्याचा अर्थ. मग एकेक वस्तू बंद करत पुन्हा मोज. शेवटी मेन स्विच पाड. तरीही दिवा लुकलुकत राहिला, तर मीटर आणि मेन स्विच यांच्यामध्ये गळती आहे किंवा तिथून दुसऱ्या कुणाची तार गेली आहे. तिथे स्वतः हात घालू नकोस. लायसनवाला वायरमन बोलाव, आणि मीटरच्या सीलला त्यालाही हात लावू देऊ नकोस.

माझा पहिला संशय तुझ्या इन्व्हर्टरवर आहे. तो तपासताना समोरचं बटण बंद कर आणि मग भिंतीतली पिनही काढ. नुसतं बटण बंद केलं तर चार्जिंग बहुधा चालूच राहतं. नुसती पिन काढली तर तो बॅटरीवर घर चालवायला लागतो. मोजणी अशा दिवशी कर की आदल्या चोवीस तासांत वीज गेलेली नसेल. भरलेल्या चांगल्या बॅटरीला नाममात्र करंट लागतो. त्या स्थितीतही इन्व्हर्टर ४० वॅट ओढत असेल आणि बॅटरी हाताला कोमट लागत असेल, तर ती म्हातारी झाली आहे किंवा तिच्यातलं पाणी उतरलं आहे. ४० वॅट म्हणजे महिन्याला जवळजवळ २९ युनिटं, आणि मोबदल्यात बॅकअपही धड नाही. आधी बॅटरीवरचा फ्लोट, म्हणजे पाण्याची पातळी दाखवणारी खूण, बघ. पाणी कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाल, आरओचं किंवा नळाचं अजिबात नको. खुणेच्या वर भरलंस तर चार्जिंगमध्ये ॲसिड उतू येईल. काही इन्व्हर्टरच्या मागे बॅटरीचा प्रकार निवडायचा खटका असतो. साधी फ्लॅट प्लेट बॅटरी असून खटका ट्युब्युलरवर असेल तर जास्त व्होल्टेजने चार्जिंग होतं आणि पाणी भराभर उडतं. हे दोन्ही ठीक करूनही चार दिवसांनी तेवढाच भार दिसला, तर बॅटरी बदल. तिला आणखी एक उन्हाळा ओढण्यात काटकसर नाही.

सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी बहुतेक वेळा आतून जागाच असतो. १० वॅट धरले तर महिन्याला सात युनिटं. त्याची पिन टीव्हीच्या बोर्डावर घे आणि झोपताना बटणच बंद कर. सकाळी सुरू व्हायला मिनिट-दोन मिनिटं लागतील, हे काकूंना आधी सांग, नाहीतर त्या पहिल्याच दिवशी ही सुधारणा रद्द करतील.

आता पंखे. जुना पंखा ७५ वॅट घेतो. रोज १५ तास चालला तर महिन्याला ३४ युनिटं. बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या मोटरचा, पंखा २८ ते ३५ वॅटचा, म्हणजे साधारण १४ युनिटं. एका पंख्यामागे २० वाचतात. पण चारही बदलू नकोस. हॉलचा आणि काकूंच्या खोलीचा, हे दोन जास्त चालतात, तेवढेच बदल. पाहुण्यांच्या खोलीतला नवा पंखा आपली किंमत कधीच फेडणार नाही. बसवताना वायरमनकडून जुना रेग्युलेटर काढून थेट जोडणी करून घे. रेग्युलेटरमधून चालवला तर हा पंखा गुणगुणतो, अडखळतो, आणि आतलं सर्किटही जाऊ शकतं. वॉरंटीच्या अटींतही बहुधा हे लिहिलेलं असतं. उरलेल्या पंख्यांपैकी जो मंद झाला असेल त्याचा कंडेन्सर बदल. बहुतेक छताच्या पंख्यांना अडीच एमएफडीचा (मायक्रोफॅरडचा) लागतो. जुन्यावर जो आकडा असेल तोच आण. जास्त मोठा घातला तर पंखा पळतो, पण वाइंडिंग तापतं. आणि जुने ठोकळ्यासारखे, हाताला गरम लागणारे रेग्युलेटर अजून असतील तर काढून टाक. वेग कमी केला की वाचलेली बरीचशी वीज ते उष्णता करून उधळतात.

फ्रिजचं रबर नोटेने तपास. दारात नोट धरून दार लाव आणि ओढ. सहज सुटली तर तिथून गारवा गळतोय. चारही बाजूंनी बघ, बिजागरीकडची बाजू बहुधा आधी सैलावते. गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने रबर शेकलं तर पुष्कळदा पुन्हा बसतं. तुझ्या फ्रिजला मागे जाळी नाही, म्हणजे उष्णता बाजूच्या पत्र्यांतून बाहेर पडते. मग दोन्ही बाजूंना कपाटं भिडवून चालणार नाही, चार बोटं तरी जागा सोड.

गिझरचा हिशेब मात्र चुकवता येत नाही. २५ अंशांचं २० लिटर पाणी ४२ अंशांवर न्यायला ०.४ युनिट लागतंच, गिझर कितीही भारी असो. चौघांच्या चार बादल्या म्हणजे महिन्याला ४८ युनिटं. शॉवरखाली पाच मिनिटांत दोन बादल्या सहज जातात, म्हणून मुलांना बादलीवर आण. थर्मोस्टॅट ५० वर ठेव आणि सगळ्यांच्या आंघोळी लागोपाठ उरका. बोअरच्या पाण्याने कॉइलवर क्षार बसतो तेव्हा बिल फारसं वाढत नाही, कारण उष्णता शेवटी पाण्यातच जाते. पण कॉइल जळते. तिच्यासोबतचा मॅग्नेशियमचा रॉड दर वर्षी काढून बघ, झिजला असेल तर बदल, नाहीतर टाकी गंजेल.

एप्रिलमध्ये एसी घ्यायचं म्हणतोस, तर त्याच्या स्टार लेबलवरचा वार्षिक युनिटांचा आकडा १६०० तासांचा असतो, हे ध्यानात ठेवून दुकानात जा. फ्रिजचा आकडा मात्र पूर्ण वर्षाचा असतो. सध्या एवढं कर: आठवडाभर रोज सकाळी सातला रीडिंग लिहून ठेव, आणि रात्रीच्या दहा लुकलुकींचे सेकंद दोनदा मोज, एकदा इन्व्हर्टर लावून आणि एकदा काढून. ते आकडे आणि बॅटरीवर छापलेला महिना-वर्ष मला कळव.

काकूंना नमस्कार, वहिनींना आणि मुलांना आठवण सांग.

तुझा,
माधव