ठिपक्यांखाली दडलेले जहाज

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवार पुरवणीतील इंग्रजी ब्रॉडसाइड बॅलडांवरचा लेख वाचला. खलाशांच्या चावट गाण्यांतील जहाजाची वर्णने ओंगळ ठरवून लेखकाने त्या जागी ठिपके दिले आहेत. मालवाहू जहाजांवर सारंग, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, म्हणून आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्या वाचकाला हे फार खटकले, कारण या गाण्यांचा जीव त्या गाळलेल्या शब्दांतच आहे.

कागदाच्या एकाच बाजूला छापलेली ही गाणी विक्रेते लंडनच्या रस्त्यांवर गाऊन दाखवत आणि पेनी-अर्धा पेनीला विकत. ऐकणाऱ्यांना डोलकाठी, सुकाणू, गळती, पंप हे शब्द सवयीचे होते, त्यामुळे त्यांचा दुसरा अर्थ कोणाला फोडून सांगावा लागत नसे.

‘फायरशिप’ हा एकच शब्द घ्या. जुन्या गलबतात डांबर आणि बंदुकीची दारू भरून, त्याला आग लावून ते वाऱ्याबरोबर शत्रूच्या नांगरलेल्या आरमारावर सोडत. नांगर उचलायला वेळ लागतो आणि आग तर अंगावर येत असते. म्हणूनच १५८८ मध्ये इंग्रजांनी फ्रान्सच्या कॅले बंदरासमोर अशी आठ जहाजे सोडली, तेव्हा स्पॅनिश कप्तानांनी नांगराचे दोर तोडून पळ काढला. सतराव्या शतकातल्या बोलीत हाच शब्द गुप्तरोग झालेल्या स्त्रीसाठी वापरला जाई. दिसायला साधे गलबत, जवळ जाताच भडका. त्यात बाईवर अन्याय आहे, हे मला मान्य आहे. पण बंदरावर उतरलेल्या खलाशाची भीती याहून नेमक्या शब्दांत क्वचितच सांगितली गेली असेल.

त्याच शतकात इंग्रजी आरमाराचा कारभार पाहणाऱ्या सॅम्युएल पेपिस यांनी अठराशेहून अधिक बॅलड जमवले आणि त्यांत समुद्रावरील गाण्यांचा वेगळा विभाग केला. ते पाच खंड केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजात आजही आहेत. उलट लोकगीतांचे संग्राहक सेसिल शार्प यांनी १९०४ पासून इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्याची लोकगीते छापताना त्यांतले उघड शब्द सौम्य केले. आपल्या लेखकाने शार्प यांची वाट धरली, याचे मला वाईट वाटते.

पुढच्या लेखात निदान एक गाणे काहीही न गाळता, जहाजावरच्या शब्दांच्या अर्थांसह छापावे, ही विनंती. ते अर्थ लिहून देण्याचे काम मी आनंदाने करीन.

आपला,
एक निवृत्त सारंग, रत्नागिरी