कैद्याचा फोटो आणि माझी पोळ्याची रजा

संपादक महाशय,

कालच्या पहिल्या पानावर डोळ्यांना पट्टी बांधलेला तो कैदी, आणि खाली ओळ काय, तर ‘पाहुणचार सुरू’! ज्यांना हा विनोद सुचला त्यांचं अभिनंदन. अभिनंदन म्हटल्यावरून आठवलं. फेब्रुवारी 2019 मध्ये आपल्या वैमानिकाचा तसाच व्हिडिओ पाकिस्तानने दाखवला, तेव्हा आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने जिनिव्हा कराराचा हवाला दिला होता. तुम्हीही चांगलेच खवळला होतात. युद्धकैद्याचा तमाशा मांडायचा नाही, हे त्याच कराराचं कलम 13. ते काय फक्त आपल्या माणसापुरतं आहे?

हे कलम मी पुस्तकात शिकलो नाही. 1972 साली मी जबलपूरच्या छावणीत पहाऱ्यावर होतो. 71 च्या युद्धात ढाक्यात शरण आलेल्या 93 हजार पाकिस्तान्यांपैकी काही आमच्याकडे होते. करार कैद्यांच्या भाषेत छावणीत लावावाच लागतो. आमच्या बराकीच्या दाराशी तो उर्दूत डकवलेला होता, खालचा कोपरा पावसाने फुगलेला. एका सकाळी मोजणीच्या वेळी एक पोरगा मुद्दाम रेंगाळला. माझ्याच वयाचा असेल. मी त्याच्या थोबाडीत ठेवून दिली. तो हू की चू न करता त्या कागदापाशी गेला, एका ओळीवर बोट ठेवलं आणि सुभेदारसाहेबांकडे बघत उभा राहिला. नेमकं साहेबांना उर्दू येत होतं!

माझी पोळ्याची रजा रद्द. बैलांसाठी जबलपुरात घेतलेल्या दोन झुली ट्रंकेतच राहिल्या, घरची जोडी तोरणाखाली जुन्याच झुलींवर उभी राहिली. साहेब एवढंच म्हणाले, ‘आपलेही त्यांच्याकडे आहेत.’ खरंच होते, सहाशेवर. ते डिसेंबरात सुटून आले. तोवर मी साहेबांना मनातल्या मनात काय काय म्हटलं, ते तुम्ही छापणार नाही.

आता आतल्या पानावरचा लेख. ‘युद्धात नागरिकांचे हक्क थोडे बाजूला ठेवावेच लागतात’ म्हणे. आणि दाखला कुठला, तर 1962 चा! चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना, बायका-पोरांसकट, तारेच्या कुंपणाआड नेऊन टाकलं. त्यातले बरेच इथेच जन्मलेले होते, आणि काही जण तर युद्ध संपल्यावरही वर्षानुवर्षं आतच. याला ‘थोडे’ म्हणतात होय? लेखकमहाशयांना एकदा मोजणीला उभं करायला हवं.

शिवाय ती छावणी राजस्थानातल्या देवलीला होती. तुम्ही छापलंय ‘देवळी, जि. वर्धा’. तिथे माझे साडू राहतात. त्यांचा सकाळी सातलाच फोन: ‘काहो, आमच्या गावात चिनी कधी कोंडले होते?’ दुरुस्ती छापा. मागच्या वेळेसारखी राशिभविष्याखाली नको.

आपला,
एक माजी हवालदार, मानेवाडा, नागपूर