चष्म्याचा नंबर म्हणजे डोळ्यांची तपासणी नव्हे

महोदय,

माझे थोरले बंधू गेली वीस वर्षे नेमाने चष्म्याचा नंबर काढून घेत आले. दुकानात जायचे, तक्त्यावरची शेवटची ओळ वाचून दाखवायची, काचा बदलायच्या आणि घरी येऊन ‘डोळे ठणठणीत आहेत’ असे सांगायचे. वर्तमानपत्रातली बारीक अक्षरेही त्यांना वाचता येत असल्यामुळे, ते उंबरठ्याला ठेचकाळू लागले, जिना उतरताना पायाने पायरी चाचपू लागले, तेव्हा आम्ही सर्वांनी ते वयावर ढकलले. गेल्या वर्षी रस्ता ओलांडताना बाजूने आलेली दुचाकी त्यांना दिसलीच नाही. खरचटण्यावर निभावले, पण त्यानंतर नेत्रतज्ज्ञांकडे नेले तेव्हा दोन्ही डोळ्यांत काचबिंदू निघाला आणि बाजूची नजर बरीचशी गेलेली होती.

त्यांची दृष्टिक्षेत्राची चाचणी झाली, तेव्हा मी शेजारी होते. यंत्राच्या गोल वाटीत समोर नजर स्थिर ठेवायची आणि कडेला दिव्याचा ठिपका दिसला की हातातले बटण दाबायचे, एवढेच काम. बराच वेळ बटण वाजलेच नाही. मग दादांनी विचारले, ‘‘यंत्र बंद पडलं का हो?’’ यंत्र चालूच होते.

काचबिंदूत बहुधा डोळ्यातला दाब वाढून दृष्टीची नस सुकत जाते. सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात डोळा दुखत नाही, लाल होत नाही, आणि समोरची नजर बरीच शेवटपर्यंत टिकते, म्हणून तक्त्यावरची ओळ वाचता येणे हा त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरत नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून नजर परत येते. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी रोजच्या थेंबांनी, लेझरने किंवा शस्त्रक्रियेने राखता येते. नावे सारखी असल्यामुळे ‘पिकला की काढू’ म्हणत थांबणारी माणसे मी आमच्याच गल्लीत पाहिली आहेत, आणि त्याचे मला फार वाईट वाटते.

चाळिशीनंतर प्रत्येकाने नेत्रतज्ज्ञांकडून दाब मोजून आणि बाहुली मोठी करून नस पाहून घ्यावी. दाब 10 ते 21 मिलिमीटर (पाऱ्याचे) या नेहमीच्या मर्यादेत असतानाही काही जणांना काचबिंदू होतो, त्यामुळे केवळ आकड्यावर विसंबून चालत नाही. ज्यांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना तो आहे, त्यांनी तर टाळाटाळ करूच नये. दादांचे निदान झाल्यावर आम्ही तिन्ही बहिणी तपासून आलो. धाकटीला सुरुवातीचा काचबिंदू निघाला आणि तिची नजर आज शाबूत आहे. मधुमेह असलेल्यांनी दृष्टिपटल वर्षातून एकदा पाहून घ्यायला हवे, हेही याच निमित्ताने सांगते. तपासणीसाठी बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर चार-सहा तास जवळचे धूसर दिसते, म्हणून सोबत कोणीतरी असावे, एवढीच काय ती गैरसोय.

गावोगावच्या मोफत शिबिरांत मोतीबिंदू पाहिला जातो आणि चष्मे वाटले जातात. ते काम मोठेच आहे. परंतु ज्या टेबलावर नंबर काढला जातो, त्याच्या शेजारी दाब मोजण्याचे एक टेबल आणि नस पाहणारे एक डॉक्टर असावेत, अशी माझी आयोजकांना आणि आरोग्य विभागाला कळकळीची विनंती आहे. मार्चमधील जागतिक काचबिंदू सप्ताहापासून ही सुरुवात करता येईल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा