समाजसेवेच्या जागेवर समाजसेवक कधी?

मा. मुख्यमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

विधान परिषदेच्या ७८ पैकी १२ जागांवर राज्यपाल नेमणुका करतात, पण नावं मंत्रिमंडळ ठरवतं. म्हणून हे पत्र राज्यपालांऐवजी तुम्हाला. साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा यांतलं विशेष ज्ञान किंवा प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांसाठी या जागा आहेत, असं राज्यघटनेचं १७१ वं कलम सांगतं. तिकीट हुकलेल्यांचं पुनर्वसन त्यात कुठे लिहिलेलं नाही.

आमच्या तालुक्यात एक ताई वर्षानुवर्षं आदिवासींचे वनहक्क दावे भरतात. त्यांच्या पिशवीत वनखात्याच्या जुन्या, पिवळ्या पडलेल्या दंडाच्या पावत्या असतात. अतिक्रमण केलं म्हणून ज्याला दंड झाला, तो तेव्हा ती जमीन कसत होता, याचा तो सरकारी पुरावाच की! पावती वनहक्क कायद्याने ठरवलेल्या १३ डिसेंबर २००५ या तारखेच्या आधीची असली की दाव्याला बळ येतं. कुणाचा दावा तपासणाऱ्या उपविभागीय समितीत का अडकला, हे ताई कागद न उघडता सांगतात. वनहक्कावर सभागृहात चर्चा होते तेव्हा असं बोलणारं कुणी बाकावर असतं का?

ताईंनी निवडणूक लढवावी, असं म्हणणं सोपं आहे. विधानसभेच्या उमेदवाराची अधिकृत खर्चमर्यादाच ४० लाख रुपये. वरचा खर्च तुम्हालाही ठाऊक आहे आणि आम्हालाही. मृणालताई गोरे पाण्यासाठी मोर्चे काढत १९६१ मध्ये मुंबई महापालिकेत गेल्या, १९७२ मध्ये विधानसभेत आणि १९७७ मध्ये लोकसभेत. पण त्यांच्यामागे समाजवादी कार्यकर्त्यांची फळी होती. आज ती फळी कुणाकडे आहे? पगारी बूथवाले मात्र सगळ्यांकडे आहेत.

या १२ जागांचं काय झालं, ते सगळ्यांनी पाहिलं. नोव्हेंबर २०२० मध्ये पाठवलेली यादी राजभवनात पडून राहिली. ती अनिश्चित काळ अडवून ठेवता येणार नाही, असं उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितलं, तरी हललं काही नाही. पुढे सरकार बदललं आणि यादीच मागे घेतली गेली. १५ ऑक्टोबर २०२४ ला सात जणांना घाईघाईने शपथ दिली. त्याच दिवशी दुपारी विधानसभेची निवडणूक जाहीर झाली. त्या सातांत बहुतेक पक्षांतलेच ओळखीचे चेहरे. यात कुठल्याही एका आघाडीला सोडावं असं मला वाटत नाही.

पूर्वी असं नव्हतं. कवी ना. धों. महानोर याच वाटेने सभागृहात गेले आणि शेती-पाण्यावर बोलले. शेतकऱ्याची भाषा सभागृहाला झेपली होती.

मागणी एवढीच आहे. यापुढे नाव पाठवाल तेव्हा त्या व्यक्तीने कुठे, किती वर्षं आणि कोणतं काम केलं, हे एका पानावर लिहून यादीसोबत जाहीर करा. राज्यपालांनी सही करण्याआधी ते पान आम्हालाही वाचू द्या.

आपला,
एक मतदार